सभाधीटपणा

सभाधीटपणा म्हणजे श्रोत्यांसमोर न बिचकता सुसंगत बोलण्याची अंगी बाणवलेली सवय. मुरलेल्या वक्त्याचाही घसा पहिल्या वाक्याला कोरडा पडू शकतो. भीतीच्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात व श्वास उथळ होतो. ही धडधड समूळ जात नाही; सरावाने ती आटोक्यात येते.

महाराष्ट्रात या सरावाची जुनी शाळा म्हणजे कीर्तन. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण व उत्तररंगातील आख्यान हा सांगाडा ठरलेला असतो, शब्द मात्र समोरचे श्रोते पाहून सुचतात. विदर्भाचे ख्यातनाम वक्ते राम शेवाळकर (१९३१–२००९) कीर्तनकाराच्याच घरातले. वणी येथे प्राचार्य राहिलेले शेवाळकर १९९४ च्या पणजी येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

धरमपेठेसह नागपुरातील शाळांत हा सराव मुख्यतः वक्तृत्व स्पर्धांतून होतो. तेथे भाषण शब्दशः पाठ करण्याकडे कल असतो. ही रीत फारशी उपकारक नाही, कारण एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. त्यापेक्षा मुद्द्यांचा क्रम ध्यानात ठेवावा. आरंभीचे व अखेरचे वाक्य तेवढे घोटून ठेवावे.