गॅस की वीज? : घरातल्या तीन कामांचा हिशेब

थंडी सुरू झाली की पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या भागांतल्या आपल्या मंडळींत एक विषय हमखास निघतो : घरात गॅस बरा की वीज? नवे घर घेणारे विचारतात, जुना हीटर बंद पडलेले विचारतात, आणि हिवाळ्याचे बिल हाती पडले की सगळेच विचारतात.

खरे पाहता हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. खोली गरम ठेवणे, पाणी तापवणे आणि स्वयंपाक ही तीन कामे वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात.

'इथे गॅस स्वस्त' हा समज कुठून आला, ते आधी पाहू. सिडनीत गॅसचे दिवे १८४१ साली लागले. तो गॅस कोळशापासून बनवत. १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातील मूंबा येथून नळाने नैसर्गिक गॅस आला आणि तो बरीच वर्षे खरोखर स्वस्त होता. २०१५ पासून क्वीन्सलंडच्या ग्लॅडस्टन बंदरातून गॅस जहाजांनी परदेशी जाऊ लागला. तेव्हापासून आपल्या गॅसचा भाव परदेशच्या बाजाराशी बांधला गेला. जुना समज मात्र तसाच राहिला.

खोली गरम करणे

गॅसचे बिल मेगाज्यूलमध्ये येते, विजेचे किलोवॅट-अवरमध्ये, म्हणजे भारतात आपण ज्याला 'युनिट' म्हणतो त्यात. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. समजा, गॅसचा दर मेगाज्यूलला ४ सेंट आहे. म्हणजे युनिटला १४.४ सेंट झाले. धुराड्याच्या हीटरमधली काही उष्णता बाहेर जाते. ती २० टक्के धरली, तर खोलीत पोचलेले युनिट १८ सेंटला पडले. विजेचा दर समजा ३२ सेंट आहे. साधा बार हीटर, फॅन हीटर किंवा तेलाचा हीटर घेतला, तर उष्णतेचे युनिट ३२ सेंटलाच पडते. मग तो हीटर वीस डॉलरचा असो की दोनशेचा. रिव्हर्स सायकल एअर कंडिशनर मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो. एका युनिट विजेत तो तीन ते चार युनिट उष्णता देतो. म्हणजे तेच काम ८ ते ११ सेंटमध्ये होते. शिवाय जानेवारीत पारा चाळिशीपार गेला की तोच यंत्र घर थंड करते. आपल्या बिलावरचे दर घालून हा हिशेब अवश्य करून पाहावा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये अनेक घरांत धुराडे नसलेले, म्हणजे 'अनफ्लूड' गॅस हीटर आहेत. त्यांची सगळी उष्णता खोलीत राहते, तसा ज्वलनातून निघणारा सगळा वायूही खोलीतच राहतो. नायट्रोजन डायऑक्साइड दम्याच्या मुलांना त्रास देतो. पाण्याच्या वाफेने काचा ओल्या होतात आणि भिंतीला बुरशी धरते. ज्योत नीट जळत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे फ्लूसारखी वाटतात. थंडी आत येऊ नये म्हणून आपण खिडक्या घट्ट लावतो, आणि या हीटरला नेमकी उघडी खिडकी लागते. तो झोपायच्या खोलीत लावू नये. लायसन्सधारक गॅसफिटरकडून त्याची नियमित तपासणी करून घ्यावी. बार्बेक्यू, बाहेर वापरायचा गॅस हीटर किंवा कोळशाची शेगडी तर कधीही घरात आणू नये.

पाणी तापवणे

टाकीचा साधा विजेचा हीटर ऑफ-पीक मीटरवर असेल, तर खर्च आटोक्यात राहतो. नळ उघडताच पेटणाऱ्या गॅस हीटरचे पाणी संपत नाही, म्हणून देशातून आईवडील आले की तो सोयीचा वाटतो. हीट पंपाचा हीटर साध्या विजेच्या हीटरच्या साधारण एक तृतीयांश वीज घेतो, पण खरेदीला महाग असतो. छतावर सोलर असेल, तर तो टायमरने दुपारी चालवावा.

स्वयंपाक

इथे आपला जीव अडकतो. ज्योतीवर फुगणारा फुलका, भरिताचे वांगे, भाजलेला पापड! ही कामे इंडक्शनवर तशी होत नाहीत. बाकी स्वयंपाक, अगदी फोडणीसुद्धा, चांगला होतो. भारतातून आणलेल्या भांड्यांना चुंबक लावून पाहावे. चिकटला तर भांडे चालेल. सपाट लोखंडी तवा चालतो. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले आणि गोल बुडाची कढई चालत नाही. भारतातली एलपीजीची शेगडी इथल्या नळाच्या गॅसवर जोडू नये. दोन्ही वायूंचे जेट वेगळे असतात.

मुलांच्या दम्याच्या ओझ्यापैकी सुमारे १२ टक्के ओझे गॅसच्या शेगड्यांमुळे असावे, असा अंदाज २०१८ साली 'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया'मध्ये प्रसिद्ध झाला. गॅसवर रांधताना हवा घराबाहेर टाकणारा पंखा लावावा, निदान खिडकी उघडावी.

स्वयंपाकाला गॅस फारसा लागत नाही. पण घरात फक्त शेगडीच गॅसवर उरली, तरी जोडणीचा रोजचा आकार चालूच राहतो. तो दिवसाला ७० सेंट धरला, तर वर्षाचे सुमारे २५५ डॉलर होतात. फुलका तेवढ्या मोलाचा आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग करावे काय?

सगळे एकदम बदलायची गरज नाही. आधी अनफ्लूड हीटर काढावा, पाण्याचा हीटर जुना झाला की तो बदलावा, शेगडी शेवटी. मोठ्या इंडक्शन शेगडीला वेगळी वायर लागते, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला स्विचबोर्ड दाखवावा. युनिटमध्ये राहणाऱ्यांनी एअर कंडिशनर बसवण्यापूर्वी स्ट्राटाची परवानगी घ्यावी. भाड्याने राहणाऱ्यांना साध्या प्लगवर चालणारी एका बर्नरची इंडक्शन शेगडी घेता येते आणि घर बदलताना सोबत नेता येते. गॅस पूर्ण बंद करायचा असेल, तर खाते बंद करणे आणि मीटर काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचा आकार आधी विचारून घ्यावा.

नवे घर बांधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : कॅनबेरात डिसेंबर २०२३ पासून नव्या घरांना गॅसजोडणी देणे बंद झाले, आणि व्हिक्टोरियात जानेवारी २०२४ पासून प्लॅनिंग परमिट लागणाऱ्या नव्या घरांनाही. आज घातलेली पाइप वीस वर्षे कामी येईल का, हे पाहूनच ती घालावी.