लीज्यांगमध्ये सहा दिवस, एकच खोली

चीनची ट्रिप म्हटलं की आपल्याकडे ठरलेला साचा असतो. बीजिंग, शांघाय, भिंतीवर फोटो, पहाटे सहाला वेकअप कॉल आणि रात्री बसभर पेंगत ‘इंडियन डिनर’. अशी ट्रिप करून आलेल्या माणसाला घरी आल्यावर आणखी चार दिवस रजा लागते. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालं होतं. दादा ऑफिसच्या एका लांबलेल्या रिलीजमधून जेमतेम सुटला होता. आणि आईची एकच अट होती, “रोज बॅगा भरायच्या नाहीत.”

मग मी लीज्यांग काढलं. चीनच्या नैऋत्येला युन्नान प्रांत आहे, तिथलं हे नाशी लोकांचं जुनं गाव. चहाचे तांडे इथून तिबेटकडे जायचे, त्या व्यापारावर ते मोठं झालं. १९९७ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. भारत-चीन थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गानं पुन्हा सुरू झाली. आम्ही त्याच वाटेनं गेलो आणि पुढे कुनमिंगहून ट्रेन पकडली. साडेतीन तासांत लीज्यांग.

उंची साधारण २४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा हजारएक मीटर जास्त. बाबांच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, पण ‘त्याच्या वर जायचं नाही’ हेही बजावलं. त्यामुळे गावावर ओठंगून उभा असलेला ५५९६ मीटरचा युलोंग हिमपर्वत आमच्या यादीतून बादच झाला. त्याची केबल कार थेट ४५०६ मीटरवर नेऊन सोडते आणि लोक हातात ऑक्सिजनचे डबे घेऊन वर जातात. आम्ही तो गच्चीवरून बघितला. रोज, चहाबरोबर. खरं सांगू? मला तरी काही कमी पडलं नाही.

जानेवारीत इथे दुपारी मस्तपैकी ऊन असतं, १२-१३ डिग्री, आकाश निळंशार. रात्री मात्र पारा शून्याजवळ. घरं लाकडी, सेंट्रल हीटिंग नाही. गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट असतं आणि सकाळी त्यातून बाहेर पडणं हाच दिवसातला सगळ्यात अवघड कार्यक्रम. आणखी एक गंमत. सगळ्या चीनचं घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे इतक्या पश्चिमेला सूर्य आठ वाजता उगवतो. साडेसातला उठलात तरी तुम्ही ‘पहाटे’ उठलेले असता! सुट्टीवर आलेल्या माणसाला अपराधी वाटू नये म्हणूनच ही सोय केली असावी.

ही पहाट चुकवू नका, कारण दहानंतर लीज्यांगचा मॉल होतो. एकसारखी दुकानं, भाड्यानं नाशी पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुली, आणि का कोण जाणे, आफ्रिकन ढोल विकणारी दुकानं. प्रत्येकात एक मुलगी तोच ताल वाजवत बसलेली. रात्री बार स्ट्रीटवर तर कानाचे पडदे फाटतात. गेस्टहाऊस तिथून लांब घ्या.

पण आठ वाजता गल्ल्या रिकाम्या असतात. गाड्यांना बंदी, त्यामुळे फक्त पाण्याचा आवाज. उत्तरेच्या काळ्या ड्रॅगनच्या तळ्यातून पाणी येतं, गावाच्या तोंडाशी त्याचे तीन फाटे होतात आणि मग घराघरांसमोरून पाट वाहतात. जागोजागी तीन कुंडांच्या विहिरी आहेत. पहिल्या कुंडातलं पाणी पिण्याचं, तेच पुढे वाहून दुसऱ्यात आलं की भाज्या धुवायच्या, तिसऱ्यात कपडे. आई एका विहिरीपाशी उभी राहून बराच वेळ बघत होती. पाठीवर टोपली घेतलेली एक आजी आली, पालेभाजीची जुडी मधल्या कुंडात खळबळून धुतली, आईकडे बघून हसली आणि एक गड्डी पुढे केली. आईनं ती घेतली. आम्ही हॉटेलात राहतोय, भाजीचं करणार काय, हा प्रश्न दोघींपैकी कुणालाच पडला नाही.

बाबांचं लक्ष घरांवर. ते सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेले. तो वाडा पडून तिथे आता सहा मजली इमारत आहे. आमच्या गेस्टहाऊसचा गोट्यांच्या नक्षीचा चौक, तिन्ही बाजूंचे सोपे, जाड खांब आणि तुळया बघून ते पहिल्या संध्याकाळीच खुशीत आले. १९९६ च्या फेब्रुवारीत इथे मोठा भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. मातीच्या भिंती कोसळल्या, पण सांध्यात सांधा अडकवलेले लाकडी सांगाडे हलले, डोलले आणि बरेचसे उभे राहिले. बाबा खांब थोपटत म्हणाले, “आमचा वाडा पाडायला चार दिवस लागले होते.”

घर कुणाचं, हे त्यांनीच विचारलं. मोबाइलच्या ट्रान्सलेटरमधून. मालकीणबाई पन्नाशीच्या, नाशी. त्या म्हणाल्या, घर आमचं, पण राहतो आम्ही नव्या शहरात, फ्लॅटमध्ये. मुलाला गाडी लावायला जागा आहे, हिवाळ्यात बाथरूम गरम असते. गल्लीतली बाकीची घरं? बहुतेक बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांना भाड्यानं दिलेली. त्यांची आई मात्र रोज सकाळी जुन्या गावात येते, म्हणते नळाच्या पाण्यानं भाजी धुतल्यासारखी वाटत नाही. बाबांनी विचारलं, “तुम्हाला परत यावंसं वाटतं?” ट्रान्सलेटरनं उत्तर दिलं, “उन्हाळ्यात.” मग त्या दोघांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसता चहा पीत बसले.

जुनं गाव वाचलं आणि गावकरी बाहेर गेले, याची हळहळ प्रवासलेखांत फार असते. मला ती जरा सोयीची वाटते. हळहळणारे आपण सहा दिवसांनी गिझर असलेल्या फ्लॅटमध्येच परतत असतो. पण त्या आजींचं यायचं बंद झालं, तर त्या विहिरीचं नुसतं फोटो पॉइंट होईल, हेही तितकंच खरं.

खाण्याची काळजी नको. गावाच्या दक्षिण टोकाला झोंगयी बाजार आहे, तिथे स्थानिक लोक खरेदी करतात. गरम बाबा मिळतो. बाबा म्हणजे इथली जाडसर रोटी, आणि या नावावरून आमच्याकडे सहा दिवस विनोद चालले. कडधान्याच्या पिठाची ‘जीदौ ल्यांगफेन’ ही करडी वडी तव्यावर परतून, तिखट आणि व्हिनेगर घालून देतात. आईचा निकाल: “पाटवडीच आहे, फक्त फोडणी विसरलेत.” थंडीत खारवलेल्या बरगड्यांचा हॉटपॉट घराघरांत उकळत असतो, दादानं तीनदा खाल्ला.

एका दुपारी आठ-दहा किलोमीटरवरच्या लाशीहाय सरोवरावर गेलो. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्ष्यांची गर्दी असते. होडीतून बाबांना केशरी रंगाची बदकं दिसली आणि ते ओरडलेच, “अरे, चक्रवाक! हे तर भिगवणला येतात!” दादानं त्या दिवशी लॅपटॉप खोलीतच ठेवला होता. इथे व्हॉट्सॲप आणि गुगल लोकल वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. आम्ही रोमिंग फक्त आईच्या फोनवर घेतलं होतं. दादाच्या मॅनेजरला आईमार्फत निरोप पाठवण्याचा धीर झाला नाही.

जाणार असाल तर चिनी नववर्ष टाळा. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं आणि तेव्हा अख्खा देश फिरायला निघतो. व्हिसा आधी काढा, पैसे देण्यासाठी अलीपेला आपलं कार्ड जोडून ठेवा, आणि उंचीवर पहिला दिवस सावकाश चाला. बाजारातली तांब्याची भांडी घेण्याआधी बॅगेचं वजन बघा. आईनं घेतलेला हॉटपॉट ग्वांगझूपासून कोलकात्यापर्यंत बाबांच्या मांडीवर होता.