छाट

मांडीवर सूप, सुपात भिजवलेल्या तेंदूपानांची चवड, एका कडेला जर्दा. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कडेने कातर फिरवायची. चिमूटभर जर्दा पसरून पान वळायचं, तोंड नखानं दुमडायचं आणि सुताचे वेढे द्यायचे. मोहाडी-तुमसरकडच्या ओसरीत बायका हे सगळं गप्पा मारता मारता करतात. जीव टांगणीला लागतो तो ठेकेदाराकडे माल देताना.

तपासणारा 25 चा कट्टा उचलतो, अंगठ्यानं चेपतो, तोंडं बघतो. “कच्ची हाय.” “जर्दा कमी.” बाजूला पडते ती छाट. तिची मजुरी नाही, आणि बिडीही परत मिळेलच असं नाही. मोठ्या कारखान्यात कामगाराला निदान नोटीस येते, चौकशी बसते. इथे सारी शिस्त त्या अंगठ्यात. युनियनच्या सभेला गेलेल्या बाईची छाट दुसऱ्या दिवशी वाढली, तर दाखवणार काय? पानही कमी तोलून मिळू शकतं. बिड्या मात्र हजाराला हजार भरायच्या. “कोन बोलन त्याच्यासंग? उद्या पान त घ्याचंच हाय ना,” एक मावशी म्हणाल्या.

या भागात बिडी मजुरांची संघटना जुनी. कामठीच्या बाबू हरदासांनी 1930 च्या दशकातच मध्य प्रांतातल्या बिडी कामगारांना एकत्र आणलं होतं. पुढे नागपूरच्या एका कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मजूर वाटेल तेव्हा येतात-जातात, ते कामगार कसले, असं मालकपक्षाचं म्हणणं. डिसेंबर 1960 मध्ये निकाल मजुरांच्या बाजूनं लागला. त्यात एक मुद्दा मजेदार आहे: माल नापसंत करायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचा ताबा आहे! ज्या छाटेनं मजुरी कापली जायची, तिनंच कामगारपण मिळवून द्यायला हातभार लावला. 1966 च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बिड्या वळणारीलाही कामगार मानलं. छाट आणि कच्च्या मालावरून वाद झाल्यास दाद मागायची सोयही त्याच्या 39 व्या कलमात केली होती.

संघटनेच्या मागण्यांत मजुरीवाढ नेहमी पहिली असते. मला विचाराल तर रोजची छाट आणि तोललेलं पान मजुराच्या नोंदीच्या कार्डावर लिहून घेणं त्याहून निकडीचं आहे. नोंदच नसेल तर अधिकाऱ्यापुढे ठेवायचं काय? पण कित्येकींचं कार्ड असतं ठेकेदाराच्याच पेटीत.