दाढीच्या ब्रशाचे पाणी

तानसा-वैतरणेचे किंवा खडकवासल्याचे मृदू पाणी जन्मभर वापरलेला मराठी गृहस्थ बदलीच्या निमित्ताने चेन्नईस येतो, नव्या बिऱ्हाडातील पहिल्या सकाळी आरशापुढे उभा राहून नेहमीच्या साबणावर नेहमीचा ब्रश फिरवू लागतो, आणि साबण तोच, हात तोच असूनही फेस मात्र फुलता फुलत नाही. फुललाच तर गालावर चढेपर्यंत विरून जातो. दोष बहुधा ब्रशाच्या माथी मारला जातो. वस्तुतः तेथे पाणी बदललेले असते आणि ब्रश तयार करण्याचा शिरस्ता मात्र जुनाच राहिलेला असतो. दाढीचा ब्रश हे फेस लावण्याचे साधन आहे अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी माझ्या मते ते प्रथमतः पाणी धरण्याचे व हिशेबाने सोडण्याचे साधन आहे, आणि ही गोष्ट चेन्नईत जितक्या लवकर प्रत्ययास येते तितकी मुंबई-पुण्यात कधीच येत नाही.

चेन्नईचे पाणी एका जातीचे नाही. एकोणिसाव्या शतकात, 1872 च्या सुमारास, या शहरास पुळल म्हणजे रेड हिल्सच्या तलावाचे पाणी मिळू लागले. पुढे पूंडी, चोळवरम व चेंबरमबाक्कम हे तलाव त्यास जोडले गेले. 1976 च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातील पाच-पाच टीएमसी पाणी मद्रासच्या पिण्यासाठी देण्याचे मान्य केले, आणि महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या त्या नदीचे पाणी 1996 मध्ये कंडलेरूच्या कालव्याने पूंडीस पोहोचले. त्यानंतर 2004 मध्ये कडलूरकडील वीराणम तलावाचे पाणी दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून नळाने आणले गेले, आणि मिंजूर व नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने अनुक्रमे 2010 व 2013 मध्ये सुरू झाले. या सर्वांवर घरोघरच्या बोअरवेलचा व टँकरचा अंमल निराळाच. किनाऱ्यालगत, विशेषतः उत्तरेकडील मिंजूरच्या बाजूस, अतोनात उपशामुळे समुद्राचे खारे पाणी भूगर्भात शिरलेले आहे. सबब एकाच घरात सोमवारी नळाचे, बुधवारी बोअरचे आणि चैत्र-वैशाखाच्या टंचाईत टँकरचे पाणी ब्रशावर पडू शकते, आणि प्रत्येक वेळी फेसाची प्रकृती पालटते.

कारण सरळ आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम यांच्याशी झालेले लवण. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा अंश मुद्दाम राखलेला असतो, कारण त्याचा फेस मऊ व टिकाऊ होतो. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेले असले, म्हणजे पाणी जड असले, की ही द्रव्ये साबणातील मेदाम्लांस पकडून अविद्राव्य असा चिकट साका करतात. हा साका तयार होऊन संपेपर्यंत फेसाच्या वाट्यास साबण येतच नाही. म्हणून जड पाण्याच्या मुलुखात साबण अधिक घ्यावा आणि पाणी अखेरीस, थेंबाथेंबाने द्यावे, हा पहिला दस्तूर. यापेक्षा सुंदर उपाय चेन्नईकरांच्या गच्चीवरच आहे. 2003 मध्ये तमिळनाडू सरकारने प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल साठविण्याची सक्ती केली. ज्यांनी ते पाणी केवळ जमिनीत न जिरवता टाकीतही राखले, त्यांना ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांच्या पावसाचे इतके मृदू पाणी लाभते, की त्यातील एक तांब्या दाढीसाठी बाजूस काढून ठेवणे ही मी चैन नव्हे, शहाणपणाची तजवीज समजतो.

आता प्रत्यक्ष ब्रशाकडे वळू. डुकराच्या राठ केसांचा, बिज्जूच्या जातीतील बॅजर या प्राण्याच्या केसांचा, घोड्याच्या केसांचा आणि कृत्रिम तंतूंचा असे चार प्रकार बाजारात आढळतात. बॅजरचे केस प्रायः चीनमधून येतात. डुकराच्या केसांचा व्यापार मात्र आपल्याकडे जुना असून कानपूर ही त्याची इंग्रजी अमदानीपासूनची पेठ, आणि उत्तर प्रदेशातीलच बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट हे गाव तर ब्रशांच्या धंद्यावरच नांदते. सामान्य माणसास परवडणारा व माझ्या मते अन्यायाने उपेक्षिलेला ब्रश तो डुकराच्या केसांचाच. त्याचा केस स्वतः पाणी पितो. बॅजरचा झुबका पाणी मुख्यतः केसांच्या दरम्यान धरून ठेवतो. कृत्रिम तंतू ते मुळीच पीत नाही. या एका भेदातून तयारीचे सारे भेद निघतात.

डुकराच्या केसांचा नवा ब्रश घरी आणला की त्यास जनावराचा उग्र दर्प येतो, त्याची टोके टोचतात आणि दोन-चार केस गळतात. कोमट पाण्यात धुवून, साबणाचा दाट फेस करून तो रात्रभर झुबक्यातच राहू द्यावा व सकाळी खळखळून काढावा. असे काही दिवस केल्याने दर्प जातो. टोके मऊ होण्यास मात्र वापराचाच काळ जावा लागतो, कारण प्रत्येक राठ केसाचे टोक भिजत-वाळत हळूहळू दुभंगते, आणि त्या दुभंगलेल्या टोकांचा एकत्रित स्पर्श अखेर मखमली होतो, तर बुंधा पूर्ववत ताठ राहतो. नित्याच्या तयारीत ब्रश हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात मुठीच्या कडेपर्यंत तीन-चार मिनिटे उभा ठेवावा. उकळते पाणी कदापि घेऊ नये, त्याने केस ठिसूळ होतात व झुबका बसविलेला डिंक सैल पडतो. तेवढ्या अवधीत तोंड धुवून दाढी ओली ठेवली, की तिचे खुंटही पाणी पिऊन फुगतात व मऊ होतात. कोरडा केस कापण्यास जितका जोर लागतो त्याहून पुष्कळ कमी जोर भिजलेल्या केसास पुरतो. मग ब्रश उचलून दोन हलके झटके द्यावेत. पिळू नये. अर्धवट निथळलेला झुबका साबणावर अर्धा मिनिट वर्तुळाकार फिरविला की प्रथम मोठे, पोकळ बुडबुडे उठतात. ते दिसेनासे होऊन केसांना घट्ट लेप चढेपर्यंत थांबावे, आणि मग टोके पाण्यास निमित्तमात्र टेकवून गालावर फिरवीत जावे. पाण्याच्या प्रत्येक थेंबागणिक लेप सैल व चकचकीत होत जातो, आणि फेटलेल्या सायीसारखा तकतकीत, बुडबुडा न दाखविणारा फेस जमला की थांबावे. याच्या पुढचा एक थेंबही जास्त होतो. ब्रश दाबून बुंध्यापासून वाकवू नये, झुबका मधोमध तुटतो.

या साधनाच्या शुद्धतेचा प्रश्न इतिहासात फार गंभीर ठरला आहे. पहिल्या महायुद्धात बॅजरचे केस दुर्मिळ झाल्यावर घोड्याच्या केसांचे ब्रश सर्रास विकले गेले, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या केसांमुळे ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांस व नागरिकांस काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संसर्ग होऊन काही दगावले. असे काही ब्रश जपानहून आलेले असल्याने 1920 मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीसच बंदी घातली. चेन्नईचा या बाबतीतील अध्याय निराळा आहे, आणि त्यात एका मराठी घराण्याच्या कन्येचा वाटा आहे. चामड्याच्या व्यापारातील गायतोंडे कुटुंबात मद्रासमध्ये जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी 1986 मध्ये येथील मेडिकल कॉलेजातून भारतातील एचआयव्हीची पहिली लागण उघडकीस आणली, आणि पुढे 1993 मध्ये डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावे संशोधन व शुश्रूषेची संस्था उभारली. रक्तातूनही पसरणाऱ्या या रोगाविषयी जागृती वाढत गेली तसतशी केशकर्तनालयांतून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरण्याची ताकीद रूढ झाली. गालोगाल फिरणारा सामाईक ब्रशही काही ठिकाणी मागे पडून डब्यातला तयार फेस आला. तो बदल योग्यच झाला. ब्रश ज्याचा त्याचा असावा, आणि त्याची निगाही ज्याने त्याने राखावी.

ही निगा म्हणजे मुख्यतः वाळवण. ब्रशास उद्या सकाळी नवे पाणी घेता यावे, यासाठी आजचे पाणी पूर्ण निघून जाणे अवश्य असते, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ते आपोआप घडत नाही. दाढी झाल्यावर साबणाचा अंश निघेपर्यंत ब्रश धुवावा, झटकावा, टॉवेलावर चारदोन वेळा अलगद ओढावा व न्हाणीघराबाहेर वाऱ्याच्या जागी ठेवावा. बंद डबीत घातलेल्या ओल्या ब्रशास कुबट वास येऊन बुरशी धरते. बोअरच्या पाण्याचा साका केसांच्या मुळाशी पांढरट होऊन साचतो व झुबका ताठरतो. त्यासाठी महिन्यातून एकदा पेलाभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर मिसळून त्यात केस काही मिनिटे बुडवावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. ईशान्य मोसमीच्या झडीत, जेव्हा दोरीवरचे कपडेही दोन-दोन दिवस ओले राहतात, तेव्हा डुकराच्या केसांचे दोन ब्रश आळीपाळीने वापरावेत, किंवा पाणी मुळीच न पिणारा कृत्रिम तंतूंचा ब्रश तेवढ्या दिवसांपुरता हाती घ्यावा.