सभागृहाने काढले, मतदारांनी धाडले

6 एप्रिल 2023 रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने 27 वर्षांच्या एका आमदाराची हकालपट्टी केली. ठरावाच्या बाजूने 72 मते पडली, विरोधात 25. निवडून येऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. चार दिवसांनी, 10 एप्रिलला, तेच आमदार विधिमंडळाच्या पायऱ्यांवर शपथ घेऊन पुन्हा त्याच सभागृहात आपल्या जागेवर येऊन बसले. त्यांचे नाव जस्टिन जोन्स.

जोन्स यांचे राजकारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण त्यांच्या छोट्या कारकिर्दीने लोकशाहीतला एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. सभागृहाची शिस्त राखण्याचा अधिकार कुठे संपतो आणि मतदारांचा हक्क कुठे सुरू होतो? हा प्रश्न एकट्या टेनेसीचा नाही. आपल्या विधानसभेतही तो उभा राहिला आहे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

नागपूरहून नॅशव्हिलला

जोन्स मूळचे कॅलिफोर्नियाचे. वडील कृष्णवर्णीय, आई फिलिपिनो वंशाची. शिक्षणासाठी ते टेनेसीची राजधानी नॅशव्हिल येथे आले, फिस्क विद्यापीठात शिकले आणि पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात दाखल झाले. या दोन्ही संस्थांना आंदोलनाचा मोठा वारसा आहे आणि त्या वारशाचा एक धागा थेट नागपूरला येऊन मिळतो.

जेम्स लॉसन नावाचे एक तरुण मेथडिस्ट मिशनरी 1953 मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी त्याआधी तुरुंगवास भोगला होता. नागपुरात ते सुमारे तीन वर्षे राहिले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच, ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत येऊन काम करण्याचा आग्रह केला. लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्टच्या धर्मशास्त्र विभागात विद्यार्थी झाले आणि चर्चमध्ये अहिंसेच्या कार्यशाळा घेऊ लागले.

या कार्यशाळांत फिस्कसारख्या महाविद्यालयांतली मुले-मुली येत. त्यातली काहीजण गुंड व्हायची, समोरच्याला शिव्या द्यायची, ढकलायची, खुर्चीवरून खाली ओढायची. समोरच्याने हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही, असा सराव चाले. फेब्रुवारी 1960 मध्ये हीच मुले गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. डायान नॅश आणि जॉन लुईस यांचे नेतृत्व त्या आंदोलनातून पुढे आले. मे महिन्यात नॅशव्हिलमधील उपाहारगृहे सर्वांना खुली होऊ लागली. तोवर या आंदोलनामुळे व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकले होते. त्याच विद्यापीठाने पुढे त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले. जून 2024 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जोन्स यांची राजकीय मुळे या मातीत आहेत. सभागृहात बोलू दिले नाही तर पायऱ्यांवर बसायचे आणि अटक झाली तर ती स्वीकारायची, हे वळण त्या परंपरेतले.

आमदारकीआधीचे वाद

वाद मात्र आमदारकीच्या आधीपासून त्यांच्या मागे आहेत. टेनेसीच्या विधिमंडळाच्या इमारतीत नेथन बेडफर्ड फॉरेस्ट यांचा अर्धपुतळा 1978 पासून होता. फॉरेस्ट हे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे सुरुवातीचे प्रमुख. तो पुतळा हटवावा म्हणून जोन्स आणि त्यांचे सहकारी सतत निदर्शने करत. फेब्रुवारी 2019 मध्ये अशाच एका निदर्शनात सभागृहाचे तेव्हाचे अध्यक्ष ग्लेन कसाडा लिफ्टमध्ये असताना त्यांच्या दिशेने पेयाचा कप फेकल्याचा आरोप जोन्स यांच्यावर झाला. त्यांना अटक झाली आणि इमारतीत येण्यास बंदीही घातली गेली. अहिंसेच्या परंपरेचे नाव सांगणाऱ्याला हा प्रकार शोभणारा नव्हता आणि विरोधकांनी तो त्यांना कधी विसरू दिला नाही.

2020 च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यानंतर जोन्स आणि इतर तरुणांनी विधिमंडळासमोरच्या चौकात 62 दिवस ठिय्या दिला. सरकारचे उत्तर कायद्याच्या रूपाने आले. सरकारी जागेवर रात्री तळ ठोकणे हा गंभीर गुन्हा ठरवण्यात आला. सहा वर्षांपर्यंत कैद आणि दोषी ठरल्यास मतदानाचा हक्कही जाणार, अशी त्यात तरतूद होती. पुतळा मात्र जुलै 2021 मध्ये तिथून हलला आणि राज्याच्या संग्रहालयात गेला.

ज्या इमारतीत येण्यास बंदी झाली होती, तिथे जोन्स नोव्हेंबर 2022 मध्ये नॅशव्हिलच्या 52 व्या मतदारसंघाचे आमदार म्हणून निवडून आले.

मेगाफोन आणि मतदान

27 मार्च 2023 रोजी नॅशव्हिलमधील एका खासगी शाळेत गोळीबार झाला. नऊ वर्षांची तीन मुले आणि शाळेतली तीन मोठी माणसे मारली गेली. 30 मार्चला हजारो पालक आणि विद्यार्थी विधिमंडळात शस्त्रांवर नियंत्रणाची मागणी घेऊन आले. 99 सदस्यांच्या सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे 75 सदस्य होते. विरोधकांना बोलायला वाव कमी होता. दोन विधेयकांच्या मध्ये जोन्स, मेम्फिसचे जस्टिन पिअरसन आणि नॉक्सव्हिलच्या ग्लोरिया जॉन्सन हे तीन डेमोक्रॅट आमदार वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले. जोन्स आणि पिअरसन यांनी मेगाफोनवरून गॅलरीतल्या निदर्शकांसोबत घोषणा दिल्या. कामकाज काही काळ थांबले.

हा नियमभंग होता, यात शंका नाही. बोलण्याची परवानगी त्यांना मिळाली नव्हती. पण अध्यक्ष कॅमरन सेक्स्टन यांनी या प्रकाराची तुलना 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरील हल्ल्याशी केली. वॉशिंग्टनच्या त्या दिवसाशी या घोषणांची तुलना कोणत्याही मापाने बसत नाही. आधी जोन्स आणि जॉन्सन यांना समित्यांवरून काढले गेले. मग तिघांच्या हकालपट्टीचे ठराव आले. कारण दिले ते ‘बेशिस्त वर्तन’.

टेनेसीच्या घटनेनुसार सदस्याला काढायला दोन तृतीयांश, म्हणजे 66 मते लागतात. जोन्स यांच्याविरुद्ध 72 पडली, पिअरसन यांच्याविरुद्ध 69. जॉन्सन यांच्याविरुद्ध 65 पडली आणि एका मताने त्या वाचल्या. त्या गोऱ्या, बाकीचे दोघे कृष्णवर्णीय. तुम्हीच कशा वाचलात, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा आपल्या त्वचेच्या रंगाचा याच्याशी संबंध असू शकेल, असे त्यांनी उघड सांगितले. जॉन्सन यांच्या हातात मेगाफोन नव्हता, असा सत्ताधाऱ्यांचा युक्तिवाद होता. पण आकडे जगाने पाहिले.

इतिहासही सत्ताधाऱ्यांच्या बाजूने नव्हता. त्याआधी या सभागृहाने 1980 मध्ये लाचखोरीसाठी आणि 2016 मध्ये लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून प्रत्येकी एका सदस्याला काढले होते. घोषणाबाजीसाठी हकालपट्टी ही नवी गोष्ट होती.

पुढचा भाग टेनेसीच्याच कायद्याने घडवला. विधिमंडळातली जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होईपर्यंत हंगामी सदस्य नेमण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे आणि हकालपट्टी झालेल्याच माणसाला नेमण्यास मनाई नाही. नॅशव्हिलच्या महापालिकेने आपले नेहमीचे नियम बाजूला ठेवून एकाच बैठकीत 36 विरुद्ध शून्य मतांनी जोन्स यांना परत पाठवले. लोकांच्या मिरवणुकीतून ते विधिमंडळापर्यंत चालत गेले. दोन दिवसांनी मेम्फिसमध्ये पिअरसन यांचीही नेमणूक झाली. 3 ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत दोघेही मोठ्या फरकाने जिंकले. 2024 मध्ये मतदारांनी जोन्स यांना पुन्हा निवडून दिले.

हिशेब काय?

जोन्स यांच्या समर्थकांनी इथे थांबू नये. ज्या मुलांसाठी हा सगळा लढा झाला, त्यांच्या पदरात काय पडले? राज्यपाल बिल ली यांनी शस्त्रखरेदीच्या पार्श्वभूमी तपासणीत काही सुधारणा करणारा आदेश काढला आणि धोकादायक व्यक्तीकडून शस्त्रे काढून घेता यावीत अशा कायद्याचा आग्रह धरला. ऑगस्टमध्ये खास अधिवेशन भरले, पण असा कायदा झाला नाही. त्याच अधिवेशनात विषयांतराचा ठपका ठेवून जोन्स यांना एका दिवसापुरते बोलण्यास बंदी झाली आणि विरोधी सदस्यांनी सभात्याग केला. एप्रिल 2024 मध्ये विधिमंडळाने प्रशिक्षित शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगण्याची परवानगी देणारा कायदा केला. जागा परत मिळाली, पण कायदा करण्याइतकी मते कधीच नव्हती. रस्त्यावरच्या आंदोलनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात.

या प्रकरणाला अमेरिकेतच एक मोठा जुना दाखला आहे. जानेवारी 1966 मध्ये जॉर्जिया राज्याच्या सभागृहाने 25 वर्षांचे नवनिर्वाचित आमदार ज्युलियन बाँड यांना शपथच घेऊ दिली नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या एका निवेदनाला पाठिंबा दिला, एवढाच त्यांचा गुन्हा. ठराव 184 विरुद्ध 12 मतांनी संमत झाला. त्याच वर्षी 5 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. लोकप्रतिनिधीला वादग्रस्त मत मांडण्याचे स्वातंत्र्य सामान्य नागरिकाइतकेच आहे, हे त्या निकालाचे सार. बाँड यांनी पुढे जॉर्जियाच्या विधिमंडळात अनेक वर्षे काम केले.

आपल्या विधानसभेत

आपल्याकडचे चित्र पाहा. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे 1962 मध्ये आमदार झाले. वय तिशीच्या आत. सभागृहात अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याच्या प्रकरणात 1964 मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. वस्तू फेकून मारणे घोषणेपेक्षा कितीतरी गंभीर आहे आणि सभागृहाने कारवाई केली ते समजण्यासारखे आहे. तरीही यवतमाळच्या मतदारांनी पोटनिवडणुकीत धोटे यांना पुन्हा निवडून पाठवले. पुढे विदर्भाच्या प्रश्नावर ते नागपुरातून लोकसभेतही गेले.

2021 चे प्रकरण अधिक जवळचे. 5 जुलैला भाजपच्या 12 आमदारांना तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याबद्दल एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाचा तर्क प्रत्येक मतदाराने समजून घ्यावा असा आहे. गोंधळ घालणाऱ्याला अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरते बाहेर ठेवणे हा शिस्तीचा भाग झाला. त्यापुढचे निलंबन म्हणजे मतदारसंघालाच शिक्षा, आणि ती हकालपट्टीपेक्षाही वाईट. कारण हकालपट्टीनंतर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते आणि लोकांना नवा किंवा तोच माणूस निवडता येतो. निलंबनात जागा भरलेली दिसते, पण तिथून बोलणारे कुणी नसते.

नॅशव्हिल, यवतमाळ आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी पक्ष वेगळे, विचार वेगळे, बेशिस्तीचे स्वरूपही वेगळे. तत्त्व मात्र एकच निघते. कामकाज चालवण्यापुरती शिस्त लावण्याचा अधिकार सभागृहाचा, पण तिथे कोण बसणार हे ठरवण्याचा अधिकार मतदाराचा. बहुमत मोठे असले की हा फरक विसरायला होतो, आणि तो विसर कोणत्याही पक्षाला पडू शकतो.

म्हणून पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराच्या निलंबनाची बातमी वाचाल, तेव्हा तो आपल्या पक्षाचा की विरोधी पक्षाचा, हे आधी पाहू नका. किती दिवसांसाठी काढले, कोणत्या नियमाखाली काढले आणि त्या वेळी तो कोणता प्रश्न विचारत होता, हे तीन प्रश्न विचारा. तो आमदार आपल्या मतदारसंघाचा असेल, तर त्याच्या रिकाम्या खुर्चीची किंमत आपणच मोजत असतो.