मानदुखीची गोळी आणि गायब झालेली गिधाडं

तुमच्या डेस्कचा खालचा ड्रॉवर उघडा. जुना चार्जर, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, सॉसची दोन पाकिटं... आणि पेनकिलरची अर्धी स्ट्रिप. दिवसाचे नऊ-दहा तास मॉनिटरसमोर मान वाकवून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ती लागतेच. आता स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. बरेचदा तिथे नाव दिसेल, डायक्लोफिनॅक. मानेला चोळायच्या जेलमध्येही हेच असतं.

याच औषधानं भारतातली गिधाडं जवळजवळ संपवली, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, समोरचा फेकतोय. प्रदूषण म्हटलं की आपल्याला काळा धूर आठवतो, फेसाळलेली नदी आठवते. त्यात ही गोळी कुठून आली?

आली ती गोठ्यातून. नव्वदच्या दशकात हे औषध जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. बैल लंगडतोय, म्हाताऱ्या गाईचे सांधे धरलेत, द्या इंजेक्शन! शेतकऱ्याचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. मुक्या जनावराचं दुखणं कमी करणं यात वाईट काय? पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते जनावर मेलं, तर औषध मांसात तसंच राहतं. आणि आपल्याकडे मेलेलं जनावर गावाबाहेर टाकायची पद्धत. तिथे जेवायला कोण येणार? गिधाडंच!

आपली मूत्रपिंडं नेहमीच्या डोसमधलं डायक्लोफिनॅक सहसा निभावून नेतात. गिधाडाची नाही नेऊ शकत. पक्ष्यांच्या शरीरातली घाण युरिक अॅसिडच्या रूपात बाहेर पडते. त्यांच्या विष्ठेत तो पांढरा भाग असतो ना, तोच. या औषधानं मूत्रपिंडं बंद पडली की ते अॅसिड रक्तात साठतं आणि काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो. पक्षी मान खाली टाकून बसून राहतो आणि थोड्याच दिवसांत फांदीवरून खाली पडतो. मानदुखीच्या औषधानं मान टाकायची, हा कसला विनोद!

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी गिधाडं झपाट्यानं कमी होताना दिसली. आधी संशय विषाणूवर होता, कीटकनाशकांवरही होता. खरा गुन्हेगार सापडला पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकाच्या टीमनं तिथली मेलेली गिधाडं तपासली. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५च्या शरीरात डायक्लोफिनॅक होतं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकाच्याही नाही. २००४ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं, तोवर खूप उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं!

एवढ्या जनावरांना थोडंच इंजेक्शन देत असतील, असं तुम्हाला वाटेल. पण तेवढ्यांची गरजच नव्हती. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा कळलं, शंभरातल्या एका जनावरातही औषध असायची गरज नाही, त्याहून कमी पुरे. कारण एका मेलेल्या गाईवर अख्खा थवा उतरतो. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. झालेली तूट भरून यायची कधी?

मग उरलेलं मांस कुणी खाल्लं? भटक्या कुत्र्यांनी. गिधाडांचा थवा तासाभरात सांगाडा स्वच्छ करतो आणि त्यांच्या जठरातल्या तीव्र अॅसिडमध्ये बरेच रोगजंतू मरून जातात. कुत्र्यांकडे ती सोय नाही, उलट रेबीज आहे. २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं दगावली. कुत्र्यांच्या चाव्यातून, सडक्या मांसानं नासलेल्या पाण्यातून. पाच लाख!

माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली पारशी मैत्रीण हे आकडे ऐकून गप्पच झाली. मग म्हणाली, "आमच्या घरात यावरून भांडणं झालीत." मलबार हिलच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करायचा, ही पारशांची शतकांची रीत. गिधाडंच नाहीत म्हटल्यावर तिथे सौर परावर्तक बसवले, पण पावसाळ्यात सूर्य कुठला? तिची बापयजी, म्हणजे वडिलांची आई, गेली तेव्हा काका दोखम्यावर अडून बसले आणि वडील वरळीच्या विद्युतदाहिनीवर. "ममईजीला काय हवं होतं, ते आम्ही विचारलंच नव्हतं," आईच्या आईबद्दल ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे वळली. मी पुढे काही विचारलं नाही.

सरकारनं २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. पण माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून २०१५मध्ये माणसांसाठीची बाटलीही ३ मिलीचीच हवी असा नियम आला. मग कळलं, अॅसिक्लोफिनॅक गाईच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं! २०२३मध्ये तेही जनावरांसाठी बंद, सोबत किटोप्रोफेनही. २०२४च्या शेवटी निमेस्युलाइड. दर वेळी आधी पक्षी मरायचे आणि मग बंदी यायची. माझा राग यावर आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे २००६ पासून माहीत आहे. मग नवं औषध गोठ्यात जायच्या आधीच गिधाडांसाठी तपासायला काय हरकत आहे?

२०२४मध्ये पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पुढच्या वीकेण्डला तिकडे ट्रेकला गेलात तर काळ्या कातळावर पांढरे ओघळ दिसतात का बघा. तिथे बहुतेक घरटं असतं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यात पिल्लू असू शकतं, तेव्हा गाणी-बिणी बंद आणि दुर्बीण लांबूनच.