जमिनीखाली जीपीएस नाही, मग दगड भरणारा लोडर चालतो कसा?

घणसोलीवरून ऑफिसला जाताना मला नेहमी एक प्रश्न पडायचा. इथे बुलेट ट्रेनचा बोगदा खणला, पण फोडलेला दगड बाहेर कसा काढला? बीकेसी ते शिळफाटा या २१ किमी बोगद्यातले सुमारे ५ किमी टीबीएमने नाही, तर सुरुंग लावून खणलेत. त्यासाठी घणसोलीत ३९४ मीटरचा उतरता जोडबोगदा काढला. दोन्ही रूळ एकाच बोगद्यात, त्यामुळे जागा ऐसपैस. अशा ठिकाणी लोडर भरतो, डंपर नेतो.

खाणीत ही चैन नसते. विदर्भात वेकोलिच्या भूमिगत कोळसा खाणींत म्हणून बुटकी मशीन्स लागतात. एसडीएल बादली बाजूला ओतून कन्व्हेअर भरतं. एलएचडी म्हणजे लोड, हॉल, डम्प : स्वतःच भरायचं, न्यायचं, ओतायचं. ते कमरेत वाकतं, म्हणून अरुंद वळणं घेतं. ऑपरेटर आडवा बसतो, कारण वळायला जागा नसते; अर्धा प्रवास रिव्हर्सच असतो. मान वळवली की दोन्ही बाजू दिसतात.

खरी भीती छताची. सुरुंगानंतर धूर काढतात, पाणी मारतात, सैल दगड पाडतात; तरी पुढच्या छताला अजून बोल्ट नसतात. बादली तिथे गेली तरी चालेल, माणूस नाही. म्हणूनच रिमोट आला : ऑपरेटर आधार दिलेल्या छताखाली उभा राहून मशीन आत पाठवतो.

आता माझ्या आवडीचा भाग. पुण्याला जाताना भाताण बोगद्यात शिरलं की मॅपवरचा निळा ठिपका गोंधळतो ना? खाणीत कायमच तसं. मग स्वयंचलित एलएचडी लेझरने भिंतींची अंतरं मोजतं, साठवलेल्या नकाशाशी जुळवतं. चाकं किती फिरली, कंबर किती वाकली, तेही धरतं. जाणं-येणं आणि ओतणं त्याला जमतं. बादली भरणं मात्र अवघड, कारण प्रत्येक ढीग वेगळा. जास्त जोर लावला तर टायर जागीच फिरून फाटतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तेवढ्यापुरता माणूस जॉयस्टिक हातात घेतो, स्क्रीनवर बघून. इथे नेटवर्कचा लॅग म्हणजे गेम हरणं नव्हे, भिंतीला धडक.

मशीन चालू असताना तो भाग बंद ठेवतात. प्रवेशावरचा प्रकाशकिरण कुणी ओलांडला, की ते जागेवर थांबतं.